आहेरात काय द्यावं? वापरात राहणाऱ्या वस्तू, त्यांची मापं आणि घेतानाची पारख

तुरीचा दाणा
मंगळ, २१/०४/२०२६ - २१:१४

लग्नसराई जोरात आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्यात लग्नं थांबतील आणि जावयांची धोंड्याची जेवणं सुरू होतील. मग पोळा, तान्हा पोळा (मुलांचा, लाकडी बैलांचा), दिवाळी. हातात पिशवी आणि डोक्यात 'काय न्यावं?' हे असंच चालणार.

खेड्यातला आहेर ठरलेला: साडी-ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, भिंतीवरचं घड्याळ, सहा कपांचा सेट. यातला बराच माल पेटीत राहतो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या नावानं बाहेर निघतो. काही साड्या तीन-तीन मांडव पाहतात, पण त्यांची घडी काही मोडत नाही.

इथं वस्तूंचं बोलू या. कोणाला काय, कोणत्या मापाचं, घेताना काय पाहायचं, कुठं फसतं. घर विदर्भातल्या खेड्यातलं धरा: व्होल्टेज पडतं, पाणी खारं असू शकतं, दुरुस्तीवाला तालुक्याला. किस्से आणि आठवणी दुसऱ्या धाग्यावर टाका.

---

भांडेगल्ली
मंगळ, २१/०४/२०२६ - २२:०२

भांड्यांपासून सुरुवात करतो.

कुकर: चार-पाच माणसांच्या घराला ५ लिटर. वरण-भात दोन डब्यांत लावणारं घर असेल तर ३ लिटरचा फुकट जातो, डबे बसतच नाहीत. आयएसआय खूण पाहा, घरगुती कुकरला ती सक्तीची आहे. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या २ रिंगा आणि १ सेफ्टी व्हॉल्व खोक्यातच टाकून द्या. खेड्यात कुकर बंद पडतो तो बहुधा रिंगेपायी: बाजारातली 'कोणत्याही कुकरला चालणारी' रिंग वाफ सोडते, मग तो कुकर नुसतं झाकण ठेवून भाताचं पातेलं होतो. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर कुकर देऊच नका. जाळ बाजूनं वर चढतो, दांडी करपते, रिंग कडक होते. तिथं जाड बुडाची गंजी (पातेलं) किंवा लोखंडी कढई बरी.

स्टील: पातळ पत्र्याचा २१ नगांचा सेट देण्यापेक्षा जाड पत्र्याचे दोन डबे द्या. झाकण लावून डबा दोन्ही तळव्यांत दाबा. पत्रा आत जाऊन 'टक्' वाजला तर ठेवून द्या. चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही, तेवढी परीक्षा दुकानातच करा.

पितळ: भंडाऱ्याकडचा गुंड (पाण्याचा हंडा), परात, गंगाळ आजही आंदणात शोभतं. पण ज्या भांड्यात ताक, चिंच, टमाटे पडणार त्याला आतून कल्हई हवीच, नाहीतर पदार्थ कळकतो. देण्याआधी विचारून घ्या की त्या गावात कल्हईवाला येतो का. येत नसेल तर पाण्याचा गुंड आणि परात एवढ्यावर थांबा. तांब्याची बाटली दिली तर सोबत सांगा: फक्त पाणी. लिंबू सरबत, ताक, दूध नाही.

---

वैनगंगा
मंगळ, २१/०४/२०२६ - २२:४०

चुंबकाची परीक्षा अर्धीच खरी, भांडेगल्ली. ३०४ स्टील चुंबकाला धरत नाही हे बरोबर, पण स्वस्तातलं २०२ सुद्धा जवळजवळ धरत नाही. म्हणजे चुंबक चिकटलं नाही म्हणून भांडं उत्तम ठरत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीवर चालायचं भांडं बुडाला चुंबक धरणारंच लागतं. भांड्यावरचा ३०४ चा ठसा पाहा आणि बिलावर तसं लिहून घ्या. मीठ-लोणचं ज्यात राहणार तिथं हा फरक सहा महिन्यांत कळतो, २०२ ला तांबूस ठिपके येतात.

---

भांडेगल्ली
मंगळ, २१/०४/२०२६ - २२:५१

मान्य. लोणच्याला तरी चिनी मातीची बरणीच द्यावी हे त्यावरचं उत्तर.

---

कोजागिरी
बुध, २२/०४/२०२६ - ०७:३३

भांड्यावर नाव टाकण्याबद्दल कोणीच बोललं नाही. नाव टाकलेलं भांडं परत जात नाही, बदलूनही मिळत नाही, म्हणून आधी झाकण-बूड-गळती तपासा, मगच यंत्राखाली द्या. नाव बाहेरून, काठाखाली दोन बोटं. आतून टाकलं तर खोबणीत मळ धरतो. मजकूर कागदावर सुवाच्य लिहून द्या, तोंडी सांगितलं की 'चि. सौ. कां.' चं काहीही होतं. तारीख टाकाच. तीस वर्षांनी भांडं कोणत्या लग्नातलं, यावरून होणारी भांडणं तेवढ्यावर मिटतात.

---

बंडीचं चाक
बुध, २२/०४/२०२६ - ०८:१५

उन्हायातल्या लग्नात कूलर दिला तं त्याच दिवसापासून कामी येते. एकट्यानं नोका घेऊ, आठ-दहा मित्र मिळून एक घ्या. पन पयले हे पाहा.

१० बाय १२ च्या खोलीले ५०-६० लिटरचा पुरते. खिडकी हाय का थे विचारा. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढते, म्हनून थो खिडकीत बसवाचा अन् समोरचं दार थोडं उघडं ठेवाचं. बंद खोलीत ठेवला तं ओलावा साचते, आंग चिकट होते, अन् मंग लोक म्हनतात कूलरच बेकार हाय.

पत्र्याचा कूलर सस्ता पडते, पन घरात अर्थिंग नसन तं पानी भरता भरता शॉक बसते. दर उन्हायात यानं मानसं जातात. प्लास्टिक बॉडीचाच द्या, अन् तीन पिनीतली एक पिन तोडू नोका. पानी भराच्या पयले बटन बंद करून पिन काढाची, हे नवरीच्या सासूले सांगून ठेवा, कारन कूलर भरनं तिच्याच वाट्याले येते.

अकोला, अमरावती, बुलढान्याच्या खारपानपट्ट्यात मधमाशीच्या पोयासारख्या जाळीवर पांढरा थर बसते अन् हवा अडते. तिथं लाकडी बुरशाच्या ताट्यावाला घ्या, ताट्या दर हंगामात नव्या लावता येतात. टाकीत वरून वरून पानी नाई टाकत राहाचं, दोन-तीन दिसांनी पूर्न रिकामी कराची. मच्छरही होत नाई.

मिक्सर द्याचा असन तं ७५० वॅटचा. संध्याकायी व्होल्टेज पडलं का ५०० वाल्यात ओली चटनी फसते, मोटर फिरत नाई अन् जयते. मिक्सर मधातच बंद पडला तं खाली लाल बटन असते, थे दाबलं का चालू होते, हे न समजून लोक चांगला मिक्सर दुरुस्तीले नेतात.

---

पाकीटवाला
बुध, २२/०४/२०२६ - ०८:४०

एवढा विचार करण्यापेक्षा ५०१ चं पाकीट द्यावं.

---

तुरीचा दाणा
बुध, २२/०४/२०२६ - ०९:०५

द्यावं की. लग्नाच्या खर्चानं वाकलेल्या घराला रोख हीच मोठी मदत, त्यात कमीपणा काही नाही. फक्त पाकिटावर पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गाव लिहा. रात्री वहीत आहेर उतरवताना नुसतं 'गजानन व परिवार' दिसलं तर कोणत्या गावचा गजानन ते कोणी सांगू शकत नाही, आणि परतफेडीच्या वेळी गोंधळ होतो. वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतंच, आतली रक्कमही पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहा.

दहा वर्षांच्या आतली भाची-पुतणी असेल आणि तिचं पोस्टात सुकन्या समृद्धी खातं असेल, तर वाढदिवसाचे पैसे तिथं भरा. खातं आई-वडील किंवा कायदेशीर पालकच उघडू शकतात, पण भरणा कोणीही केला तरी चालतो. वर्षाला किमान २५० भरावे लागतात, ते चुकलं की खातं थकीत होतं. कित्येक घरांत पहिल्या वर्षानंतर हेच होतं, म्हणून दरवर्षीची ही एक भेट फार कामाची.

---

माहेरची शिदोरी
बुध, २२/०४/२०२६ - १३:२०

अधिक महिना जवळ आला म्हणून धोंड्याच्या वाणाचं लिहिते. जावयाला ताटात ३३ अनारसे, वर दिवा, सोबत दक्षिणा. हा महिना साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणून ३३. विकतचे अनारसे मिळतात, पण या एका वाणात घरच्याचाच मान.

अर्धा किलो तांदळात ३३ सहज निघतात, चार-पाच मोडके धरून. तांदूळ जाडा आणि जुना. नवा तांदूळ चिकट होतो. तीन दिवस भिजत घाला, पाणी रोज बदला, एखादा दिवस चुकला तरी वास मारतो. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कपड्यावर पसरा. हाताला दमट लागले पाहिजेत, खडखडीत वाळू देऊ नका. दळून बारीक चाळणीनं चाळा. चिरलेला गूळ ४०० ग्रॅम, एक चमचा तूप, घट्ट मळून गोळा डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या. मे महिन्याच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशी उघडून पाहा, आंबूस वास आला तर लगेच तळायला घ्या.

लिंबाएवढी गोळी, खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडा. उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं, जाळी आपोआप पडते. अनारसा तुपात पसरून फुटला की आपण म्हणतो 'हसला'. हसतो तो गूळ जास्त झाल्यानं किंवा पीठ सैल राहिल्यानं. राखून ठेवलेलं मूठभर तांदळाचं पीठ मळून एक करून पाहा, लगेच सुधारतो. उलट जाळीच पडली नाही तर पीठ कोरडं आहे, चमचाभर दुधाचा हात लावा. तळलेले उभे करून निथळा. आडवे एकावर एक ठेवले तर खालचे तेलकट आणि मऊ पडतात. सगळं मिळून आठ-नऊ दिवस लागतात, म्हणून जेवणाची तारीख धरून मागं मोजा.

दिवा चांदीचा द्यायचा तर खामगावच्या चांदीचं नाव आहेच. वजन आणि शुद्धता बिलावर लिहून घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) येऊ लागला, पण तो ऐच्छिक ठेवला आहे, म्हणून मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

---

वैनगंगा
बुध, २२/०४/२०२६ - १३:५८

सोन्यातही एक मेख आहे, ताई. २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. आहेरातली अंगठी नेमकी एक-दीड ग्रॅमची असते. तिथं पक्कं बिल हाच पुरावा. आणि 'एक ग्रॅम सोनं' नावानं जे विकतात तो मुलामा असतो. घेणाऱ्याला ते माहीत असतं, ज्याला मिळतं त्याला कित्येकदा नसतं.

साडीबद्दल: एकच चांगली द्यायची असेल, लेकीला किंवा सख्ख्या वहिनीला, तर भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावची कोशाची (टसर रेशमाची) करवतकाठी. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती तीन धोट्यांवर (आडवा धागा नेणारं साधन) विणली जाते: दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक. धागे जिथं एकमेकांत अडकतात तिथं ते दात उमटतात, म्हणून खऱ्या करवतकाठीत काठ आणि अंग एकाच विणीत असतात. काठ वरून जोडलेला किंवा छापलेला असेल तर ती नाही. अंगाचा धागा थोडा गाठीगाठीचा, जाड-बारीक असतो. अगदी गुळगुळीत, एकसारखी चमक दिसली तर संशय घ्या. पदराच्या दशीतला एक धागा काढून जाळा: कोसा केस जळल्यासारखा वास देतो आणि राख बोटानं चुरते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. दुकानदार जाळू देत नसेल तर पुढच्या दुकानात चला.

सोबत ब्लाउजपीस ८० सेंटिमीटरचा असतो, लांब बाह्या शिवणाऱ्या बाईला तो पुरत नाही, मीटरभर घ्या. साडी मलमलच्या कपड्यात बांधून द्या, प्लास्टिकच्या पिशवीत नको. डांबराची गोळी थेट जरीला लागली तर डाग पडतो. आणि चार महिन्यांनी घडी बदलायला सांगा, नाहीतर घडीवरच चिरते.

---

तान्हा पोळा
बुध, २२/०४/२०२६ - १७:४५

लहान माणसांकडे या जरा.

बारशाला सगळे शून्य ते तीन महिन्यांची झबली आणतात, ती महिन्याभरात आखूड होतात. सहा ते बारा महिन्यांचं माप घ्या आणि ऋतू मोजा: पौषात जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होतं तेव्हा आषाढ असतो, तेव्हा लोकरीचा सेट काय कामाचा? जुन्या सुती लुगड्याची ३ बाय ४ फुटांची गोधडी आणि सहा-सात मऊ दुपटी कधीच वाया जात नाहीत. चांदीचे वाळे-बिंदल्या दिल्या तर घुंगरू ओढून पाहा, सुटणारं घुंगरू थेट तोंडात जातं. मेळघाटचा मध छान भेट आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही. बाळंतिणीच्या घरी देताना तसं स्पष्ट सांगा, तिथं घुटीत मध घालायची सवय असते.

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी: सागवानाचा घ्या. हलक्या लाकडाचा एका पावसाळ्यात तडकतो. शिंगं आणि कान वेगळे ठोकलेले असतात, ते हलवून पाहा. चाकांचा आस लोखंडी सळीचा हवा, खिळ्यावर फिरणारं चाक दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागेपर्यंतच टिकतं. मुलाच्या गुडघ्याएवढी उंची पुरे, मोठा नंदी शेवटी बापालाच ओढावा लागतो.

बांगड्यांचं माप लोक चुकतात. २-४ म्हणजे दोन दशांश चार नाही, २ पूर्णांक ४/१६ इंच, म्हणजे सव्वादोन इंच आतला व्यास. २-६ म्हणजे २ पूर्णांक ६/१६, आणि २-८ म्हणजे अडीच. जिला द्यायच्या तिची रोजची एक बांगडी पट्टीवर ठेवून आतून मोजा. काचेच्या चुड्याला एक माप वर चालतं, खाली नाही.

---

मिरगाचा पाऊस
बुध, २२/०४/२०२६ - २१:१०

शेतकरी मित्राला शाल-श्रीफळ देणाऱ्यांसाठी. खरीप लागायच्या आधी फवारणीचा संच द्या. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यानंतरही कितीतरी जण तोंडाला रुमाल बांधूनच फवारतात. रुमाल औषध शोषतो आणि नाकावरच धरून ठेवतो, न बांधण्यापेक्षा वाईट.

संचात काय घालायचं:

नायट्राइलचे हातमोजे, १३ इंच लांबीचे, जाड, २ जोड्या. दवाखान्यातले पातळ नकोत, नोझल साफ करताना फाटतात. कापडी आणि चामड्याचे औषध पितात.

मास्क बदलायच्या डब्यांचा, म्हणजे सेंद्रिय वाफ अडवणाऱ्या काडतुसाचा, पुढं धुळीची गाळणी असलेला. काडतुसांची एक जोडी जास्तीची. पाकीट फोडलं की आयुष्य सुरू होतं, म्हणून काम झालं की हवाबंद डब्यात ठेवायचा. मास्क लावूनही वास आला की काडतूस संपलं. दाढीवर मास्क नीट बसत नाही, हे दाढीवाल्या मित्राला हसत हसत सांगा, पण सांगा.

चष्मा बाजूनं बंद असलेला. ॲप्रन पुढून आणि पाठीमागूनही, कारण पाठीवरचा पंप झाकणापाशी गळतो आणि कंबर भिजते. पऱ्हाटी (कपाशी) छातीएवढी झाली की पुढूनही तेवढंच अंगावर येतं.

गमबूट, आणि पायजमा बुटाच्या बाहेरून. आत खोचला तर ओघळ थेट बुटात उतरतो. हे जवळजवळ सगळे उलट करतात.

वर एक कपडे धुण्याचा साबण आणि वेगळी बादली, म्हणजे ते कपडे घरच्या कपड्यांत जाणार नाहीत. उकाड्यात हे सगळं घालून दुपारी फवारणं शक्यच नाही, म्हणून सकाळी दहाच्या आत आटपायचं आणि वारा पाठीशी घ्यायचा.

रब्बीसाठी दुसरी वस्तू: डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी. कृषिपंपाची लाईन कित्येकदा रात्रीची असते, एका हातात फावडं आणि दुसऱ्यात टॉर्च धरून पाण्याची वाट बांधता येत नाही. पाण्याच्या शिंतोड्यांना टिकणारी घ्या, खोक्यावर आयपी ६५ किंवा वर लिहिलेलं असतं. गमबूट इथंही कामी येतात, साप बहुधा घोट्याच्या आसपासच चावतो.

---

कोजागिरी
गुरु, २३/०४/२०२६ - ०७:५०

निवृत्त होणाऱ्या गुरुजींना नववी शाल देण्यापेक्षा रक्तदाब मोजायचं यंत्र द्या. दंडावर बांधायचं, मनगटावरचं नको, त्यात हात कुठं धरला यावर आकडा बदलतो. आधी दंडाचा मधला घेर मोजा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो, दंड त्याहून जाड असेल तर ४२ पर्यंतचा मागा. आखूड पट्ट्यानं रक्तदाब उगाच जास्त दिसतो आणि घर घाबरतं. सेल वेगळे टाकून द्या, ॲडॉप्टरच्या भरवशावर राहू नका.

काठी: माणूस चप्पल घालून ताठ उभा, हात खाली सोडलेला. मनगटाच्या घडीपर्यंत जी उंची, तीच काठीची. लांब काठीनं खांदा वर चढतो, आखूड काठीनं माणूस वाकतो. खालचं रबर झिजलं की शेणानं सारवलेल्या अंगणात घसरते, दोन रबरं सोबत द्या.

---

संत्रानगरी
गुरु, २३/०४/२०२६ - ११:२५

पुण्या-मुंबईच्या सोयऱ्यांना इथून काय पाठवायचं? संत्री, अर्थात, पण केव्हा ते बघा. अंबिया बहाराची ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. आता एप्रिलच्या शेवटी पाठवाल ती वाटेतच सुकतील. फळ ओढून तोडायचं नाही, ओढलं की देठाशी साल उचकटते आणि तिथूनच सडतं. कात्रीनं देठ सालीलगत कापायचा, लांब ठेवला तर तो शेजारच्या फळात रुततो. धुवायची नाहीत. भोकं असलेल्या खोक्यात तीनच थर, मध्ये कागद.

उन्हाळ्यात पाठवायची तर वायगावची हळद आणि भिवापुरी मिरची. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणूनच नावावर काहीही खपतं. हळद हळकुंडाच्या रूपात घ्या आणि समोर दळून घ्या, पूड विकत घेऊ नका. अर्धा किलो हळद एका घराला पुष्कळ होते.

संक्रांतीच्या वाणाला प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा भाजीच्या बियांची पाकिटं छान, पण पाकिटावरची मुदत पाहा. गुलाबी-निळा रंग लावलेलं बियाणं औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती लागू देऊ नका.

---

बंडीचं चाक
गुरु, २३/०४/२०२६ - २०:३०

मिरगाचा पाऊस भाऊ, हातमोज्यावर ८, ९, १० असं लिवलं राहते. मित्राले न विचारता कसं समजाव?

---

मिरगाचा पाऊस
गुरु, २३/०४/२०२६ - २१:०२

अंगठा सोडून, बोटांच्या मुळाशी तळव्याचा घेर इंचात मोजतात, तोच नंबर. न विचारता घ्यायचा तर शेतात राबणाऱ्या हाताला ९ किंवा १० घ्या. मधलं माप आलं तर वरचा नंबर घ्यावा. घट्ट हातमोजा घामानं निघत नाही, मग माणूस तो दातानं ओढतो, आणि औषध नेमकं तिथंच लागलेलं असतं.